रिमोट एपीआय कॉल करताना नेटवर्क गेलं की माझा पायथॉन प्रोग्राम अडकून बसतो, हे नीट कसं हाताळायचं?

प्रत्येक कॉलला टाइमआउट (जास्तीत जास्त किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) द्या, फक्त तात्पुरत्या एररवरच दोन-तीनदा रिट्राय करा, म्हणजे कॉल परत पाठवा आणि तरीही जमलं नाही तर एक्सेप्शन पकडून युजरला स्पष्ट मेसेज दाखवा. रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर अडकण्याचं कारण बहुतेक हेच, तिच्यात डिफॉल्ट टाइमआउट नाहीच, तुम्ही दिला नाही तर ती उत्तराची वाट बघत कितीही वेळ बसून राहते. दोन आकडे देता येतात, समजा ३ सेकंद कनेक्ट व्हायला आणि १० सेकंद उत्तराला, पण हे १० सेकंद पूर्ण कॉलचे नाहीत बरं का, सर्व्हर थेंब थेंब डेटा पाठवत राहिला तर कॉल खूप लांबू शकतो.

रिट्राय कधी करायचा:
- कनेक्शन तुटलं किंवा सर्व्हरकडून ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हरची तात्पुरती अडचण) किंवा ४२९ (खूप जास्त रिक्वेस्ट्स) हा एचटीटीपी स्टेटस कोड आला तर करा. उत्तरात रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळ थांबून परत या हे सर्व्हर त्यात सांगतो) आला असेल तर तेवढं थांबाच.
- ४०० (रिक्वेस्टच चुकीची), ४०१ (ओळख पटली नाही), ४०४ (सापडलं नाही) वर नको, तीच रिक्वेस्ट परत पाठवून उत्तर बदलत नाही.

मधे १, २, ४ सेकंद असं दुप्पट थांबत जा आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत धडकतात आणि नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा पडतो.

पण पोस्ट रिक्वेस्टला (जिने सर्व्हरवर काही नवं घडतं, जसं पेमेंट) हे डोळे झाकून लावू नका, टाइमआउट आला म्हणजे काम झालं नाही असं नसतं, सर्व्हरवर काम होऊन फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असू शकतं आणि मग रिट्राय केला की पेमेंट दोनदा कापलं जातं. तिथे एपीआय सपोर्ट करत असेल तर आयडेम्पोटन्सी की (त्या कामाची एकमेव खूण, जिच्यावरून सर्व्हर तेच काम दोनदा करत नाही) पाठवा, आणि रिट्राय करताना तीच की ठेवा, नवी बनवू नका.