ओट्याखालच्या कॅबिनेटना पुढून चौकट हवी की बिनचौकटीचे बॉक्स बरे?

तुम्ही विचारलंय की एक सुतार बॉक्सच्या तोंडावर लाकडी चौकट बसवू म्हणतो, दुसरा चौकटीशिवाय थेट शटर (कॅबिनेटचं दार) लावू म्हणतो, मग कुणाचं ऐकावं. मजबुती दोन्हींत मिळते. आधी ड्रॉवर किती हवेत ते ठरवा, कारण खरा फरक तिथे पडतो.

450 मिमी रुंदीचा बॉक्स घ्या. 18 मिमी प्लायच्या दोन बाजू वजा केल्या की आत 414 उरतात. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या साध्या बॉल बेअरिंग चॅनेलला दोन्हीकडे मिळून 26 मिमी लागतात, म्हणजे ड्रॉवर बाहेरून 388 चा होतो. आता त्याच बॉक्सला 38 मिमी रुंद पट्ट्यांची चौकट लावा. तोंड 374 वर येतं आणि ड्रॉवर 348 वर. एका ड्रॉवरमागे 40 मिमी गेले, आणि तीन ड्रॉवर एकावर एक असतील तर तिन्हींत गेले. शिवाय चौकटीची पट्टी बाजूच्या प्लायपेक्षा 20 मिमी आत येते, म्हणून चॅनेल आणि बाजूचा प्लाय यांच्यामध्ये तेवढंच पॅकिंग द्यावं लागतं. ते विसरलं की ड्रॉवर चौकटीलाच अडतो.

तेव्हा प्लायचं काम आणि ड्रॉवर जास्त असतील तर मी बिनचौकटीचंच सुचवेन. मात्र त्यात चूक लपत नाही. शेजारच्या दोन शटरमध्ये 3 मिमी फट ठेवतात, म्हणजे 450 च्या बॉक्सला शटर 447 चं. बॉक्स गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसेल तर ही फट वर 2 आणि खाली 5 अशी दिसते. बिजागरीच्या स्क्रूने एक-दोन मिमी सावरता येतं, त्यापुढे नाही. म्हणून पाठीचा प्लाय ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजायला सांगा, ते सारखे यायला हवेत. पाठ 6 मिमीपेक्षा पातळ घेऊ नका, बॉक्सला गुण्यात धरून ठेवते ती तीच. प्लायच्या पुढच्या कडेला एज बँड (कड झाकणारी पातळ पट्टी) हवाच. सिंकखाली चारही कडा बंद करा, नाहीतर पाणी उघड्या कडेतून शिरतं आणि प्लाय फुगतो.

भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसेल तर चौकट कामाला येते. शेवटची उभी पट्टी 15-20 मिमी जास्त रुंद ठेवायची आणि भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून बसवायची. बिनचौकटीच्या कामात तिथे फट भरायला वेगळी फिलर पट्टी द्यावी लागते. कोपऱ्यात तर ती दोन्ही प्रकारांत लागते, साधारण 50 मिमी, नाहीतर एका बाजूचा ड्रॉवर दुसऱ्या बाजूच्या हँडलला आपटतो. (नकाशात हँडल काढलेलं नसतं, त्यामुळे ही चूक फिटिंगच्या दिवशीच कळते.)

शटर चौकटीच्या आत, सपाटीत बसवायचं असेल तर चौफेर 2 मिमी फट ठेवावी लागते. दिसतं देखणं, पण भरीव लाकूड दमट हवेत आडवं फुगतं आणि शटर घासू लागतं. हाच लूक हवा असेल तर शटर प्लायचं किंवा एमडीएफचं करा.

बिजागऱ्या आणण्याआधी प्रकार पक्का करा. 35 मिमी कपाची बिजागरी (शटरच्या पाठीला तेवढं गोल भोक पाडून बसते ती) सरळ, अर्ध्या वाकाची आणि पूर्ण वाकाची अशी येते. शटर बाजूचा प्लाय पूर्ण झाकत असेल तर सरळ, मधल्या एकाच प्लायवर दोन शटर येत असतील तर अर्ध्या वाकाची, आणि शटर आत बसत असेल तर पूर्ण वाकाची. चौकटीवर लावायची बेस प्लेट (बिजागरी ज्यावर बसते ती पट्टी) हीसुद्धा वेगळी असते.