मॉडेल रॉकेटची मोटर कशी बदलत गेली? दिवाळीचं रॉकेट मोटर म्हणून चालेल का?

कोल्हापुरातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही हे दोन प्रश्न विचारले आहेत. मॉडेल रॉकेट म्हणजे उडून पॅराशूटने परत येणारं छोटं रॉकेट, आणि मोटर म्हणजे त्याला उडवणारी इंधन भरलेली नळी. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. दिवाळीच्या रॉकेटला फक्त शेपटीची काडी सरळ ठेवते. त्याचा जोर किती आणि किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो, आणि पॅराशूट बाहेर टाकायची सोय त्यात नसते. फटाक्यातली दारू काढून दुसऱ्या नळीत ठासणं तर मुलांना कुठल्याही परिस्थितीत करू देऊ नका. घर्षणाने ती हातातच पेटू शकते, आणि परवान्याशिवाय स्फोटक बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे.

या मोटरच्या इतिहासाचा गाभाही हाच आहे: दारू ठासायचं काम छंदी माणसाच्या हातून काढून घेणं.

१९५४ च्या सुमारास अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी भाऊ रॉबर्ट यांच्या व्याख्यानांत दाखवायला कागदी रॉकेट केलं आणि त्यात बदलता येणारी छोटी मोटर बसवली. १९५७ मध्ये त्यांनी नमुने व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांना पाठवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक हा रशियाचा पहिला उपग्रह उडाला आणि अमेरिकेतली पोरं घरोघरी लोखंडी नळ्यांत रसायनं भरायला लागली. धातूची नळी फुटली की तिचे तुकडे गोळीसारखे लागतात. त्यामुळे तयार, कागदी नळीची मोटर वेळेवर आली असं मी मानतो.

पण हाताने ठासलेली प्रत्येक मोटर वेगळी जळते. यावर उपाय काढला तो फटाक्यांच्या धंद्यातल्या घरात वाढलेल्या व्हर्नन एस्टीस यांनी. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी डेन्व्हरला ‘मेबल’ नावाचं यंत्र चालू केलं. ते साधारण साडेपाच सेकंदांना एक मोटर ठासत असे. माझ्या मते या छंदातला सगळ्यात मोठा शोध हे यंत्रच आहे.

नेहमीची मोटर १८ मिमी जाड आणि ७० मिमी लांब असते. खालून वर पाहिलं तर आधी मातीचं नोझल म्हणजे वायू बाहेर पडायचं अरुंद तोंड, मग बंदुकीच्या दारूचा घट्ट ठोकळा, त्यावर फक्त धूर सोडत सावकाश जळणारा डिले म्हणजे उशीर करणारा थर, मग पॅराशूट ढकलणारी सुटी दारू आणि शेवटी मातीची पातळ टोपी. ठोकळ्याच्या खालच्या तोंडाशी छोटा खळगा असतो. सुरुवातीला जळणारा पृष्ठभाग त्यामुळे जास्त मिळतो आणि क्षणभर जोराचा धक्का बसतो. तो धक्का नसेल तर उड्डाणाची उभी दांडी सोडताना रॉकेटला वेग नसतो, पंख काम करत नाहीत आणि ते आडवं होतं.

मोटरवर ‘सी६-५’ असं छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ: ए १.२६ ते २.५ न्यूटन-सेकंद, बी ५ पर्यंत, सी १० पर्यंत, दर अक्षराला दुप्पट. ६ म्हणजे सरासरी जोर न्यूटनमध्ये, ५ म्हणजे डिलेचे सेकंद. डिले कमी पडला तर पॅराशूट वेगात उघडून फाटतं. जास्त झाला तर रॉकेट नाक खाली करून येतं. शेवटी शून्य असेल तर ती एकावर एक टप्पे असलेल्या रॉकेटातल्या खालच्या टप्प्याची मोटर, डिले नसलेली.

बंदुकीच्या दारूच्या मोटरला तापमानाचे चढउतार सोसत नाहीत. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत तापून रात्री गार झाली की ठोकळा नळीपासून सुटतो किंवा त्याला चीर जाते. मग आग कडेनेही शिरते, दाब वाढतो आणि मोटर फुटते. हातातून फरशीवर पडलेली मोटरही याच कारणासाठी बाद करावी.

पुढची मोठी उडी १९७० च्या आसपासची. अमोनियम परक्लोरेट हे प्राणवायू पुरवणारं रसायन आणि त्याला बांधून ठेवणारा रबरासारखा बाइंडर यांच्या ‘एनरजेट’ मोटरी आल्या. वजनामागे मिळणारा आवेग दारूच्या दुप्पटीहून जास्त. यात मधून आरपार पोकळी असते, म्हणून इग्नायटर, म्हणजे विजेने पेटणारी काडी, थेट वरच्या टोकापर्यंत जावा लागतो. खालीच राहिला तर मोटर धुसफुसते आणि विझते. १९९० च्या सुमारास एरोटेक या कंपनीने अॅल्युमिनियमची पुन्हा भरता येणारी नळी बाजारात आणली. कारखान्यात ओतलेला इंधनाचा ठोकळा फक्त आत सरकवायचा. तिथे एक ओ-रिंग (फट बंद करणारी रबरी कडी) राहिली किंवा चिरली तरी गरम वायू त्या फटीतून नळी जाळतो. नायट्रस ऑक्साइडच्या हायब्रिड मोटरीही, म्हणजे घन इंधन आणि ते जाळणारा वायू वेगवेगळे ठेवणाऱ्या, नंतर आल्या. शाळेसाठी त्यांचं काम नाही.

प्रदर्शनात चौपट मोठी, उभी चिरलेली नकली मोटर ठेवा. ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप २८ सेंमी कापून हॅकसॉने उभा अर्धा करा. नोझल आणि टोपीला शाडू वापरा. शाहूपुरी किंवा गंगावेशच्या कुंभार गल्लीत मिळेल. जाड थर एकदम लावला तर वाळताना तडकतो, म्हणून बोटभर थर देऊन सावलीत वाळवा. इंधनाच्या जागी काळा रंगवलेला थर्माकोल, डिलेला राखाडी. सर्वांत जास्त लांबी इंधनाला द्या आणि खळगा कोरायला विसरू नका. रंग पाण्याचाच घ्या, ऑइल पेंटमधलं थिनर थर्माकोल खातं.