'स्फुरद'मधला 'द' कुठला?

प्रश्न दोन आहेत. खताच्या बोलण्यात फॉस्फरससाठी येणारा 'स्फुरद' हा शब्द कुठून आला, आणि रात्री चमकणाऱ्या लाटांना 'समुद्रात फॉस्फरस आलाय' म्हणणं बरोबर का?

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण कोकणच्या किनाऱ्यावर ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. साफ चूक. ती निळसर चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची असते. लाट फुटली, ओल्या वाळूत पाय पडला, की तो उजळतो. फॉस्फरस निसर्गात सुटा सापडतच नाही. राजस्थानातल्या झामरकोटड्याच्या खडकात असो की आपल्या हाडादातांत, तो ऑक्सिजनशी जखडलेलाच असतो. सुटा केलेला पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो, हवेत ३० अंशांच्या आसपास तो आपोआप पेट घेतो.

आता 'स्फुरद'. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने लघवी आटवून अंधारात उजळणारा मेणचट पदार्थ मिळवला. तोच फॉस्फरस. त्याला पुढे हे ग्रीक नाव मिळालं, अर्थ 'प्रकाश आणणारा'. ग्रीकांच्या लेखी ते पहाटेच्या शुक्राचंही नाव. म्हणून काही जाणकार 'जलद'सारखी (जल देणारा, म्हणजे ढग) फोड करतात: स्फुर अधिक द, 'स्फुर देणारा'. मला हे मुळीच पटत नाही. प्रकाश या अर्थी नुसता 'स्फुर' मराठीत कोणी वापरलाय, दाखवा! ही ग्रीक नावाच्या मापाने बेतलेली फोड आहे.

माझ्या मते हा सरळ 'स्फुरत्', म्हणजे स्फुरणारं. जगत्चा जगदीशात जसा द होतो, तसाच हा द. त्याला 'देणारा' करायचं कारण नाही. आणि 'स्फुर्' हा क्रियापदाचा धातू किती नेमका! डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात, ओळ स्फुरते. मेघदूतात उज्जयिनीच्या स्त्रियांचे डोळे चकित होतात ते विजेच्या स्फुरणानेच. थरथर आणि लखलख एकाच धातूत. पांढऱ्या फॉस्फरसचा हिरवट उजेड हवेशी मंद संयोग होऊन आतूनच उमटतो. तो कुठून आणलेला नाही, कुणाला दिलेलाही नाही; पदार्थच स्फुरतोय. ग्रीक नावापेक्षा आपलं नाव खरं आहे, हे मी कुठेही ठासून सांगेन.

हां, खताचं राहिलं. 'अठरा-सेहेचाळीस' म्हणजे डीएपी खताच्या पोत्यावरचे ४६ टक्के 'स्फुरद' म्हणजे त्याच्या ऑक्साइडच्या रूपात केलेला हिशेब. मूलद्रव्य म्हणाल तर शंभर किलोत जेमतेम २० किलो.