आधी अब्राहामाचा करार वाचा

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तिन्ही धर्म अब्राहामाला आपला पूर्वज मानतात. या धर्मांच्या तुलनेची पुस्तकं नंतर घ्या; आधी देवाने त्याच्याशी केलेला करार, म्हणजे बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचे १५ आणि १७ हे अध्याय, सावकाश वाचा. १५व्यात कालवड, शेळी, मेंढा चिरून समोरासमोर मांडलेत. अंधारात त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि पेटती मशाल जाते, अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) मात्र जात नाही. तुकड्यांमधून जाणं म्हणजे शपथ घेणं, आणि ती आग देवाची खूण; म्हणजे शब्द एकटा देव देतोय! इथे थांबाच. १७व्यात आठव्या दिवसाची सुंता येते; आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनीही ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. मग बायबलच्या नव्या करारातलं रोमकरांस पत्र, अध्याय ४: ख्रिस्ती प्रेषित पौल म्हणतो, अब्राहामाचा विश्वास सुंतेआधीचा. कुराणात २:१२४ बघा, तिथे इब्राहीमच्या (म्हणजे अब्राहामाच्याच) जुलमी वंशजांना वचन लागू नाही. आणि 'सगळं एकच' म्हणण्याआधी उत्पत्ती १७:२०-२१ पुन्हा वाचा: अब्राहामाच्या दोन मुलांपैकी आशीर्वाद इश्माएलालाही आहे, करार मात्र इसहाकाशी.