जुन्या जीपले कोणता क्राऊन बसवायचा?

भाऊ, दुकानात जायच्या आधी जीपच्या मागच्या ॲक्सलात सध्या कोणता क्राऊन (चाकं फिरवणारा मोठा दातेरी गियर) अन् पिनियन (त्याले फिरवणारा लहान गियर) बसलाय ते मोज. गियर न्यूट्रल, हॅण्डब्रेक मोकळा, पुढच्या चाकांना दगड अन् मागचं एकच चाक जॅकवर. ते चाक बरोबर दोन फेरे फिरव (दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असते, म्हणून एक नाही, दोन), प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गियरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे येणाऱ्या दांड्यावर, खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोज. साडेपाचच्या जरासं आत आले तर रेशो ५.३८, म्हणजे क्राऊनले ४३ दात, पिनियनले ८. जुन्या विलिस सीजे (सिव्हिलियन) जीपचा हाच रेशो.

सोळा इंची रिमचा टायर एका फेऱ्यात अंदाजे २.२ मीटर जातो. टॉप गियरमध्ये ताशी ६० ले ५.३८ वर इंजिन मिनिटाले २४४० फेरे मारते, ४.२७ वर १९४०. यवतमाळ-नागपूर रोडवर हा फरक कानालेच कळते. पण मी ४.२७ च्या नादी लागून पस्तावलो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दुसऱ्या गियरवर रडत चढलो, अन् पावसाळ्यात पांदणीच्या काळ्या चिखलात खताचे पोते घेऊन क्लच जाळला. वावरात जाणं असेल तर ४.८८ च्या खाली उतरू नको बापा.

फोर बाय फोर असेल तर पुढचा ॲक्सलही त्याच रेशोचा पाहिजे. क्राऊन-पिनियन जोडीनंच घे, दोन्हीवरचे नंबर जुळव. भंगारातून एक इथला अन् एक तिथला आणला, की डिफरन्शियल (ॲक्सलमधला हा गियरांचा डबा) रडते.

अन् हो, ५.३८ काढून ४.८८ टाकला, की मीटरवर ६० दिसते तेव्हा गाडी ६६ वर असते.