रोज व्यंगचित्राचा विषय कसा सुचतो? आणि ज्याचं काढता तो चिडत नाही का?

मी कुडाळला राहतो आणि एका जिल्हा दैनिकाला रोज एक पॉकेट कार्टून देतो, एक कॉलम रुंदीचं, म्हणजे साधारण काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. तुम्ही विचारलंय विषय कसा सुचतो. खरं सांगू, सुचत नाही हो, ऐकायला मिळतो. सकाळी एसटी स्टँडवर चहा आणि मग मासळी बाजार, एवढ्यात काम झालं तर झालं, नाहीतर संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून फोन येतो "पाठवताय ना?" आणि तेव्हा जे काय डोक्यात असेल ते काढायचं. आमच्या मालवणी माणसाच्या तोंडात मुळातच तिरकस वाक्य तयार असतं, त्यामुळे कॅप्शन मी निम्मी ढापलेलीच असते, मी फक्त खाली माणूस काढतो.

खड्डे हा आमचा राखीव विषय. मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण 2011 पासून चालूय, आमच्या सिंधुदुर्गातला पट्टा बराचसा चौपदरी झालाय पण चाकरमानी वरून, मुंबईकडून येतो ना, तो गणपतीत उतरला की आधी कंबर धरतो आणि मग बाप्पाला नमस्कार करतो, हे मी इतक्या वेळा काढलंय की माझी बायको म्हणते जुनंच परत छाप, कोणाला कळणार नाही. कळतं पण. एकदा खरंच तसं केलं तर एकाने फोन करून सांगितलं की गाडीचा नंबर गेल्या वर्षीचाच आहे.

पावसात वेगळीच भानगड. मी अजून निब आणि काळ्या शाईने कागदावरच काढतो (टॅब पोराने आणून दिलाय, त्यावर तो पब्जी खेळतो), आणि जुलैत कागद असा सादळतो की रेघ मारली की शाई फुटते, माणसाच्या मिशा दाढी होऊन बसतात. म्हणून कागद पत्र्याच्या डब्यात तांदूळ घालून ठेवतो आणि काढायच्या आधी बल्बखाली शेकवतो. लाईट गेली की बल्ब पण नाही आणि स्कॅनर पण नाही, मग मोबाईलवर फोटो काढून पाठवायचा. त्यात न्यूजप्रिंटवर बारीक रेघा एकमेकीत मिसळून काळा डाग होतो, तेव्हा रेघा मोकळ्याच ठेवायच्या, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली.

चिडतात का? इथेच तर गंमत आहे. मोठ्या शहरात चित्र काढून माणूस घरी जातो, इथे ज्याचं काढलं तो दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर शेजारी चहा पितो. एका पुढाऱ्याचं काढलं होतं, सकाळी खांद्यावर हात पडला, मी म्हटलं आता संपलं, तर म्हणाला "माजा नाक येवढा मोठा कित्याक काढलंस रे?" विषय टेंडरचा होता, त्याबद्दल अवाक्षर नाही, भांडण नाकाचं! चित्राची ओरिजिनल मागून घेऊन गेला, फ्रेम करून ऑफिसात लावलीय असं ऐकतो. मला तर ते हरल्यासारखंच वाटलं. एकदोघांनी बोलणं सोडलंय ते मात्र टेंडरमुळेच.

आणि आर. के. लक्ष्मणांच्या कॉमन मॅनसारखं पात्र का नाही असं पण विचारलंय तुम्ही. तो 1951 पासून गप्प उभा राहून सगळं बोलला, त्याच्या वाटेला कोण जाणार. माझ्याकडे कोपऱ्यात एक बोका आहे, मासळी बाजारातला, तोही बोलत नाही पण त्याचं कारण म्हणजे एका कॉलमात जागाच नाही. 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा मी त्याला रोज थोडा थोडा बारीक करत नेतो. कोणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी जुलैच्या मध्यावर बाजारात सुकी मासळी विकणारी एक मावशी म्हणाली, "तुजो बोको सुकलो मरे, काय घालतंस की नाय त्याका?" आणि पिशवीत मूठभर सुकट टाकली, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोक्याच्या पुढ्यात सुकट काढली. मग 1 ऑगस्टला बंदी उठली पण वारा असला सुटला की होड्या किनाऱ्यालाच, त्यामुळे बोका परत बारीक, आणि मावशी माझ्याकडे अशी बघते जसं काय मीच खाल्ली सुकट.

खाल्ली होती, पण ते तिला कसं कळलं?