परदेशात सवलतीच्या दुकानात जाताना

कापडी पिशवी आणि ट्रॉलीसाठी एक नाणं खिशात असू द्या, बऱ्याच देशांत त्यावाचून अडतं. लेबलावरची ठळक किंमत पाकिटाची असते. तुलना करायची ती खाली बारीक अक्षरांत दिलेल्या किलोच्या किंवा लिटरच्या दराची. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही.

विजेची वस्तू घेताना मात्र घाई नको. दुसऱ्या देशात न्यायची असेल तर तळाशी 'इनपुट' वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर निर्धास्त घ्या. नुसतं १२० लिहिलेली किटली २३० व्होल्टवर साडेतीन पटींहून जास्त वीज खेचते आणि जळते. अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही! पावती जपून ठेवा, आणि सवलतीतला माल परत घेतात का, हे पैसे देण्याआधीच विचारा.